प्रोग्रॅमला मेलबॉक्समध्ये शिरता येत नाही तेव्हा: आयमॅप आणि पॉप लॉगिनच्या बिघाडाचा पायरीपायरीने तपास

आयमॅप किंवा पॉप या, मेल सर्व्हरशी बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतींनी मेलबॉक्समधून मेल उचलणारा प्रोग्रॅम महिनोन्‌महिने बिनबोभाट चालतो आणि एका सकाळी लॉगमध्ये ‘लॉगिन फेल्ड’ एवढंच लिहून थांबतो. बँकेची स्टेटमेंटं उतरवणारी पतसंस्थेची स्क्रिप्ट असो, ऑर्डरी उचलणारं कारखान्याचं सॉफ्टवेअर असो किंवा ग्राहकांच्या तक्रारी नोंदवणारी यंत्रणा असो, त्यानंतर कोणीतरी हमखास म्हणतं, “पासवर्ड बदलून बघ.”

इतक्यात पासवर्डला हात लावू नका. गूगल खात्याचा पासवर्ड बदलला की त्या खात्याचे सगळे ॲप पासवर्ड (एकेका प्रोग्रॅमसाठी काढलेले वेगळे पासवर्ड) रद्द होतात आणि जीमेलची परवानगी घेतलेली रिफ्रेश टोकनंही (पासवर्डाऐवजी प्रोग्रॅमला दिलेल्या टिकाऊ परवानग्या) बाद होतात. मूळ दुखणं सर्टिफिकेटचं (सर्व्हरच्या ओळखपत्राचं) किंवा पोर्टचं (सर्व्हरवरच्या क्रमांक दिलेल्या दाराचं) असेल तर ते तसंच राहतं, वर चालू असलेली किल्लीही हातची जाते. प्रोग्रॅम ‘लॉगिन फेल्ड’ म्हणतो तेव्हा त्या दोन शब्दांमागे सातआठ वेगवेगळे बिघाड असू शकतात. बोलणं नेमकं कुठे तुटलं हे आधी शोधायचं, मग दुरुस्ती. हा क्रम पाळला की दुरुस्ती बहुतेक वेळा किरकोळ निघते.

खाली मी उदाहरणं पायथनच्या आयमॅपलिब या अंगभूत लायब्ररीची घेतली आहेत. पीएचपी, जावा किंवा तयार सॉफ्टवेअर वापरत असाल तरी तपासाचा क्रम बदलत नाही.

आधी स्क्रिप्ट थांबवा

तपास सुरू करण्यापूर्वी क्रॉन (लिनक्सवर ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) किंवा विंडोजच्या टास्क शेड्युलरमधलं काम बंद करा. दर मिनिटाला चुकीच्या लॉगिनचा मारा करणारी स्क्रिप्ट सर्व्हरला पासवर्ड फोडू पाहणाऱ्या माणसासारखीच दिसते. स्वतःच्या डोमेनच्या सर्व्हरवर फेलटूबॅन हे राखणदार सॉफ्टवेअर असेल तर काही फसलेल्या प्रयत्नांनंतर तुमचा आयपी पत्ता अडवला जातो; होस्टिंग सांभाळायच्या सीपॅनेलमध्ये सीपीहल्क हेच काम करतो. ऑफिसातले सगळे संगणक एकाच राउटरमागे असतात, त्यामुळे एका स्क्रिप्टपायी सगळ्यांचे आउटलुक आणि थंडरबर्ड बंद पडतात. मग तक्रार येते ‘मेल सर्व्हर डाउन आहे’ अशी, आणि तपास भलतीकडेच सुरू होतो.

आणखी एक त्रास आहे. आयपी अडवलेला असताना तुम्ही अचूक पासवर्ड टाकला तरी नकारच येतो, आणि तुम्ही तो पासवर्ड चुकीचा म्हणून बाजूला ठेवता. म्हणून थांबवा, थोडा वेळ जाऊ द्या, आणि पुढचे प्रयत्न हाताने, एकेक, वेळ लिहून ठेवत करा. वेळेची नोंद पुढे सर्व्हरच्या लॉगशी जुळवताना कामी येते.

बोलणं कुठवर पोचलं ते पाहा

लॉगिनपर्यंत पोचायला प्रोग्रॅमला इतक्या गोष्टी पार कराव्या लागतात: सर्व्हरच्या नावाचा आयपी पत्ता मिळणं, पोर्टशी जोडणी होणं, टीएलएसचं कूटबद्ध कवच उभं राहणं, सर्व्हरचं स्वागताचं वाक्य येणं, सर्व्हरने आपल्या क्षमता सांगणं, आणि मग ओळख पटवणं. त्यानंतर फोल्डर उघडणं ही वेगळीच पायरी.

पुष्कळ स्क्रिप्टांमध्ये हे सगळं एकाच ‘ट्राय’मध्ये (चुका पकडणाऱ्या कोडच्या भागात) गुंडाळलेलं असतं आणि काहीही बिनसलं तरी छापलं जातं ‘लॉगिन फेल्ड’. चूक गिळणारा त्यातला ‘एक्सेप्ट’ काढून टाका आणि पायथनला पूर्ण ट्रेसबॅक, म्हणजे चुकीचा माग, छापू द्या. त्यातल्या शेवटच्या ओळीवरून टप्पा कळतो.

‘जीएआयएरर’ दिसला तर सर्व्हरचं नावच सापडलेलं नाही: टायपिंगची चूक, नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसची अडचण, किंवा नावाच्या शेवटी चिकटलेली मोकळी जागा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे त्या यंत्रापर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. ‘टाइमआउट’ बहुधा फायरवॉलकडे बोट दाखवतो. या तिन्हींत पासवर्ड सर्व्हरपर्यंत गेलेलाच नसतो.

इथे पोर्ट तपासा. आयमॅपचं सुरुवातीपासून कूटबद्ध असलेलं पोर्ट ९९३, पॉपचं ९९५. जुनी पोर्टं अनुक्रमे १४३ आणि ११०. त्यांवर बोलणं उघड्या मजकुरात सुरू होतं आणि स्टार्टटीएलएस हा आदेश दिल्यावर कवच चढतं. २०१८ पासून शिफारस ९९३ आणि ९९५ चीच आहे. यांची अदलाबदल झाली की दोन ठरावीक लक्षणं दिसतात. १४३ वर थेट टीएलएसने गेलात तर पायथन ‘राँग व्हर्जन नंबर’ म्हणतो. वाचणाऱ्याला वाटतं टीएलएसची आवृत्ती जुनी आहे. प्रत्यक्षात समोरून टीएलएसऐवजी साधा मजकूर आलेला असतो. उलट ९९३ वर साध्या जोडणीने गेलात तर काहीच घडत नाही. सर्व्हर तुमच्या टीएलएसच्या पहिल्या पाकिटाची वाट पाहतो, तुम्ही त्याच्या स्वागताची, आणि प्रोग्रॅम लटकून राहतो. आयमॅपलिबला किती वेळ वाट पाहायची ते सांगणारं ‘टाइमआउट’ हे मूल्य पायथन ३.९ पासून देता येतं. ते द्याच, नाहीतर रात्री लटकलेली स्क्रिप्ट सकाळी तशीच लटकलेली सापडेल.

सर्टिफिकेटची पडताळणी फसली, तर नाव जुळतं का ते आधी पाहा. स्वस्त होस्टिंगवर ‘मेल’ लावून आपल्या डोमेनचं नाव वापरायची सवय असते, पण सर्टिफिकेट होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरच्या नावावर असतं. अशा वेळी त्या कंपनीने सांगितलेलं सर्व्हरचं मूळ नाव वापरा. संगणकाची तारीख चुकली असेल तरी सर्टिफिकेट ‘मुदतीबाहेर’ दिसतं. पडताळणीच बंद करून मोकळं होण्याचा सल्ला जागोजागी मिळतो. तो मानू नका. पडताळणी बंद केली की मध्ये कोण बसलंय हे न पाहता तुम्ही पासवर्ड त्याच्या हाती देता.

प्रोग्रॅम पूर्ण बाजूला ठेवून हाताने बोलून पाहणं ही माझ्या मते या तपासातली सर्वांत मोलाची पायरी आहे, आणि सर्वांत जास्त टाळली जाणारीही. ओपनएसएसएल या टीएलएसच्या साधनाच्या एस-क्लायंट (s_client) या आदेशाला ‘कनेक्ट’ पर्यायात सर्व्हरचं नाव, कोलन (:) आणि पोर्ट द्या. सोबत ‘सीआरएलएफ’ आणि ‘क्वाएट’ हे पर्याय जोडा. क्वाएट विसरू नका: तो नसेल तर इंग्रजी मोठ्या आर किंवा क्यू या अक्षराने सुरू होणारी ओळ ओपनएसएसएल स्वतःसाठीचा आदेश समजतं, आणि पॉपमध्ये मेल मागवायचा आदेश नेमका आर पासून सुरू होतो. तारांकित ‘ओके’ अशी स्वागताची ओळ आली की नाव, पोर्ट, टीएलएस, सगळं ठीक. मग एक खुणेचं अक्षर, ‘लॉगिन’, पत्ता आणि दुहेरी अवतरणात पासवर्ड असं टाइप करा. इथे लॉगिन झालं आणि प्रोग्रॅममध्ये होत नसेल, तर दोष प्रोग्रॅममध्ये किंवा त्याला मिळणाऱ्या पासवर्डमध्ये आहे. इथेही नाही झालं, तर खात्याकडे वळा.

सर्व्हरने काय म्हटलं ते शब्दशः वाचा

आयमॅप सर्व्हर नकार तीन तऱ्हांनी देतो. ‘नो’ म्हणजे मागणी समजली, पण मान्य नाही. ‘बॅड’ म्हणजे आदेशच समजला नाही: अवतरणचिन्ह सुटलंय, पासवर्डमधली मोकळी जागा उघडी राहिली आहे, किंवा तो सर्व्हर ती पद्धतच ओळखत नाही. ‘बाय’ म्हणजे सर्व्हर जोडणी तोडतो आहे. ‘बॅड’ आल्यावर पासवर्ड बदलत बसणं फुकट आहे, कारण तो तपासलाच गेलेला नाही.

‘नो’च्या पाठोपाठ चौकटी कंसात एक संकेत येऊ शकतो. हे संकेत २००९ मध्ये प्रमाणित झाले आणि बरेच सर्व्हर ते पाळतात. ‘ऑथेंटिकेशनफेल्ड’ म्हणजे ओळख पटली नाही. ‘ऑथरायझेशनफेल्ड’ म्हणजे ओळख पटली, पण या मेलबॉक्सवर तुमचा हक्क नाही. ‘एक्स्पायर्ड’ म्हणजे पासवर्डची मुदत संपली. ‘अनअव्हेलेबल’ म्हणजे पासवर्ड तपासणारी मागची यंत्रणाच सध्या बंद आहे. इथे थांबून पुन्हा प्रयत्न करणं बरोबर. ‘प्रायव्हसीरिक्वायर्ड’ म्हणजे कवचाशिवाय आलात. ‘अलर्ट’ हा संकेत आला तर त्यापुढचं वाक्य माणसाला दाखवायचं असतं. जीमेल ‘ॲप्लिकेशन-स्पेसिफिक पासवर्ड रिक्वायर्ड’ हे याच संकेताखाली सांगतं, आणि कित्येक प्रोग्रॅम ते वाक्य गिळून ‘लॉगिन फेल्ड’ छापतात.

पॉपमध्ये नकार ‘उणे ईआरआर’ असा येतो. त्यापुढे ‘ऑथ’ असेल तर नाव-पासवर्डाची गोष्ट, ‘सिस-टेंप’ असेल तर सर्व्हरची तात्पुरती अडचण, ‘इन-यूज’ असेल तर दुसरं कोणीतरी तोच मेलबॉक्स उघडून बसलंय. पॉप एका वेळी एकालाच आत घेतो. मॅनेजरच्या फोनवर त्याच खात्याचं पॉप लावलेलं असेल, तर तुमची स्क्रिप्ट अधूनमधून, कुठलाही नियम न दिसता फसत राहील.

आयमॅपलिबमध्ये पूर्ण संवाद पाहायचा असेल तर जोडणी करण्याआधी मॉड्यूलचं ‘डीबग’ हे चल (व्हेरिएबल) ४ करा. मग गेलेली आणि आलेली प्रत्येक ओळ छापली जाते. पासवर्डसुद्धा उघडा छापला जातो, तेव्हा तो मजकूर कोणाला मदतीसाठी पाठवण्यापूर्वी नीट पुसून घ्या.

स्वागतानंतरच्या क्षमतांच्या यादीत ‘लॉगिनडिसेबल्ड’ हा शब्द आहे का तेही बघा. असला, तर कवच चढेपर्यंत साधं लॉगिन चालणार नाही. यादीत ‘ऑथ=एक्सओऑथ२’ (AUTH=XOAUTH2) दिसलं, तर तो सर्व्हर पासवर्डाऐवजी टोकन घेतो.

पासवर्ड प्रोग्रॅमपर्यंत जसाच्या तसा पोचतो का?

ब्राउझरमध्ये पासवर्ड चालतो, हाताने चालतो, प्रोग्रॅममध्ये चालत नाही: या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा या एका प्रश्नात असतं. पासवर्ड छापून पाहू नका. त्याची लांबी छापा.

गूगलचा ॲप पासवर्ड १६ अक्षरांचा असतो. स्क्रीनवर तो चार-चार अक्षरांच्या चार गटांत दिसतो. लांबी १९ आली तर गटांमधल्या तीन मोकळ्या जागा सोबत आल्या आहेत. १७ आली तर फाइलच्या शेवटचं ओळ बदलण्याचं चिन्ह चिकटलंय. फाइलमधून वाचल्यावर ‘स्ट्रिप’ करा, म्हणजे कडेची मोकळी चिन्हं निघतात. १८ आली तर अवतरणचिन्हं पासवर्डाचा भाग बनली आहेत. प्रोग्रॅम बंदिस्त डब्यात चालवणाऱ्या डॉकरच्या ‘रन’ आदेशाला ‘एन्व्ह-फाइल’ दिली की असं होतं, कारण तिथे अवतरणचिन्हं काढली जात नाहीत. शून्य आली तर पर्यावरणातलं चल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) मिळालेलंच नाही.

वेबपानावरून चिकटवलेल्या त्या तीन मोकळ्या जागा साध्या नसतीलही. त्या न तुटणाऱ्या जागा असल्या तर आयमॅपलिब ‘एएससीआयआय कोडेक कॅनॉट एन्कोड’ अशा अर्थाची युनिकोड चूक देतं, कारण तिथे पासवर्ड आस्कीतच (साध्या इंग्रजी अक्षरं, अंक आणि चिन्हांतच) असावा लागतो. हीच चूक आपल्याकडे आणखी एका कारणाने येते: कीबोर्ड मराठीवर असताना टाइप केलेले अंक. पासवर्ड ठिपक्यांआड लपलेला असतो, त्यामुळे देवनागरी पाच आणि इंग्रजी पाच यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही. पायथनमध्ये त्या मजकुरावर ‘इझ-आस्की’ ही तपासणी लावा, लगेच कळेल.

पासवर्डात विशेष चिन्हं असतील तर तो कुठे साठवलाय यावर सगळं अवलंबून. सेटिंगच्या फाइलींमध्ये हॅशचं चिन्ह आलं की पुढचा भाग टिप्पणी धरला जाऊ शकतो आणि अर्धाच पासवर्ड पोचतो. शेलमध्ये (आदेश टाइप करायच्या खिडकीत) दुहेरी अवतरणातलं डॉलरचं चिन्ह पुढच्या अक्षरांना चलाचं नाव समजतं. आयमॅपचा पत्ता यूआरएलच्या रूपात देत असाल तर पासवर्डातलं ॲट, तिरकी रेघ किंवा कोलन टक्के-संकेतात बदलावे लागतात. आणि क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांच्या यादीच्या) ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे ओळ संपली असा अर्थ होतो, त्यामुळे टक्का असलेला पासवर्ड तिथे लिहिला तर आदेशच मधून कापला जातो.

टर्मिनलवर चालतं पण क्रॉनमधून चालत नाही, याचं कारणही बहुधा इथलंच. क्रॉन तुमच्या शेलच्या प्रोफाइल फाइली वाचत नाही, त्यामुळे तिथे ठेवलेली चलं त्याला मिळत नाहीत. विंडोजवर काम वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालत असेल, तर तुमच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधला पासवर्ड त्याला दिसणार नाही.

वापरकर्त्याच्या नावाकडेही एक नजर टाका. जीमेल, मायक्रोसॉफ्ट आणि बहुतेक होस्टिंगवर पूर्ण ईमेल पत्ता लागतो, नुसता ॲटच्या आधीचा भाग नाही. संस्थेचा ‘इन्फो’ किंवा ‘ऑफिस’ असा पत्ता खरं खातं आहे, की उपनाम (दुसऱ्या खात्याचाच वेगळा पत्ता) किंवा गूगल ग्रुप? उपनामाला आणि ग्रुपला स्वतःचा पासवर्ड नसतो; त्यांच्या नावाने लॉगिन बहुधा होणार नाही.

जीमेल

वैयक्तिक जीमेल खात्यांवर खात्याचा साधा पासवर्ड वापरून बाहेरच्या प्रोग्रॅमने शिरण्याची सोय गूगलने ३० मे २०२२ पासून काढून घेतली. संस्थांसाठीच्या वर्कस्पेस खात्यांवरही ती २०२५ मध्ये बंद झाली. तेव्हा जुन्या लेखांतलं ‘कमी सुरक्षित ॲप चालू करा’ हे बटण शोधत बसू नका. ते आता नाही.

दोन मार्ग उरतात. छोट्या, एकाच मेलबॉक्सच्या स्क्रिप्टला ॲप पासवर्ड पुरतो. त्यासाठी खात्यावर दोन-टप्पी पडताळणी चालू असावी लागते. ती चालू असूनही ॲप पासवर्डाचं पान दिसत नसेल, तर पडताळणी फक्त सुरक्षा-किल्लीवर लावलेली असेल, खातं कार्यालयाचं किंवा शाळेचं असेल, किंवा गूगलचं प्रगत संरक्षण चालू असेल. मिळालेला पासवर्ड एकदाच दिसतो. प्रत्येक स्क्रिप्टला वेगळा घ्या आणि त्याला स्क्रिप्टचंच नाव द्या, म्हणजे पुढे एक रद्द करताना बाकीच्या अडणार नाहीत.

सर्व्हर आहे आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ९९३. वैयक्तिक खात्यांवर आयमॅप आता कायम चालूच असतं. पॉप वापरत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं. वर्कस्पेसमध्ये दोन्ही गोष्टी प्रशासक बंद करू शकतो.

‘वेब लॉगिन रिक्वायर्ड’ किंवा ‘ब्राउझरमधून लॉगिन करा’ असा नकार आला तर पासवर्ड नव्हे, जागा संशयास्पद वाटली आहे. पुण्यात बसून तपासलेली स्क्रिप्ट परदेशातल्या भाड्याच्या सर्व्हरवर टाकली की असं घडू शकतं. ब्राउझरने खात्यात शिरा, सुरक्षेच्या पानावर अडवलेला प्रयत्न दिसेल, तो आपलाच असल्याचं सांगा, आणि मग स्क्रिप्ट पुन्हा चालवा.

मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि आउटलुक

इथे ॲप पासवर्डाची पळवाट उरलेली नाही. एक्सचेंज ऑनलाइनने (मायक्रोसॉफ्ट ३६५ ची मेलसेवा) १ ऑक्टोबर २०२२ पासून आयमॅप आणि पॉपचं साधं पासवर्ड-लॉगिन टप्प्याटप्प्याने बंद केलं, आणि आउटलुक डॉट कॉम, हॉटमेल यांसारख्या वैयक्तिक खात्यांवर ते १६ सप्टेंबर २०२४ ला थांबलं. तुमचा प्रोग्रॅम ‘लॉगिन’ हा आदेश पाठवत असेल तर पासवर्ड कितीही अचूक असो, उत्तर ‘लॉगिन फेल्ड’ हेच. ओऑथ २.० या टोकनाच्या पद्धतीशिवाय गत्यंतर नाही.

ओऑथमध्ये प्रोग्रॅम आधी मायक्रोसॉफ्टच्या ओळख-सेवेकडून ॲक्सेस टोकन घेतो आणि ते एक्सओऑथ२ या पद्धतीने आयमॅप सर्व्हरला देतो. म्हणजे फसण्याच्या जागा दोन झाल्या, आणि त्या वेगळ्या ठेवूनच तपासायला हव्यात.

टोकनच मिळत नसेल तर उत्तरात एएडीएसटीएसने सुरू होणारा क्रमांक असतो. ५०१२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चूक. ५००७६ म्हणजे दुसऱ्या टप्प्याची पडताळणी हवी. ६५००१ म्हणजे ॲपला संमती मिळालेली नाही. ७०००२१५ म्हणजे क्लायंट सीक्रेट (ॲपचा स्वतःचा गुप्त पासवर्ड) चुकीचं. बहुतेक वेळा सीक्रेटच्या मूल्याऐवजी त्याचा ओळख-क्रमांक चिकटवलेला असतो, कारण मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवर दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात. ७०००२२२ म्हणजे सीक्रेटची मुदत संपली. पोर्टलवरून बनवलेल्या सीक्रेटला जास्तीत जास्त २४ महिने मिळतात, तेव्हा ती तारीख बनवतानाच कॅलेंडरमध्ये टाका. काहीच बदललं नसताना बंद पडलेली स्क्रिप्ट बऱ्याचदा या तारखेची बळी असते.

टोकन मिळालं पण सर्व्हर ‘ऑथेंटिकेट फेल्ड’ म्हणतोय? मग टोकन कोणासाठी आहे ते उघडून पाहा. त्यातल्या ‘ऑड’ (aud) या नोंदीत आउटलुकचा पत्ता हवा. परवानग्या मागताना ग्राफ या मायक्रोसॉफ्टच्या वेगळ्या सेवेच्या परवानग्या पुढे केल्या तर मिळणारं टोकन ग्राफचं असतं, आणि आयमॅप सर्व्हर ते नाकारतो. आयमॅपसाठी ‘आयमॅप डॉट ॲक्सेस-ॲझ-यूजर डॉट ऑल’ ही परवानगी आउटलुक डॉट ऑफिस डॉट कॉमच्या पत्त्यासह मागायची, आणि रिफ्रेश टोकन हवं असेल तर ‘ऑफलाइन ॲक्सेस’ सोबत घ्यायचं.

माणसाविना चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी ‘आयमॅप डॉट ॲक्सेस-ॲझ-ॲप’ ही परवानगी असते, पण तेवढ्याने भागत नाही. प्रशासकाला पॉवरशेलमधून त्या ॲपची सर्व्हिस प्रिन्सिपल (ॲपची संस्थेतली ओळख) म्हणून एक्सचेंजमध्ये नोंद करावी लागते आणि मेलबॉक्सवर हक्क द्यावा लागतो. त्या नोंदीत लागणारा ऑब्जेक्ट आयडी ‘एंटरप्राइज ॲप्लिकेशन्स’च्या पानावरचा असतो; ‘ॲप रजिस्ट्रेशन्स’च्या पानावरचा दिसायला तसाच पण वेगळा आहे, आणि तो घातला की सगळं बरोबर असूनही दार उघडत नाही.

‘यूजर इज ऑथेंटिकेटेड बट नॉट कनेक्टेड’ हे वाक्य आलं तर हायसं वाटू द्या: टोकन चाललं आहे. अडलंय ते मेलबॉक्सच्या हक्कावर, नाहीतर एक्सओऑथ२ मध्ये दिलेल्या पत्त्यावर. सामायिक मेलबॉक्स वाचायचा असेल तर टोकन हक्क असलेल्या व्यक्तीचं आणि ‘यूजर’ म्हणून पत्ता सामायिक मेलबॉक्सचा, असं द्यायचं असतं. त्याखेरीज त्या मेलबॉक्सच्या ‘ईमेल ॲप्स’च्या यादीत आयमॅपवर खूण आहे का तेही प्रशासकाला बघायला सांगा. एंट्रा या मायक्रोसॉफ्टच्या ओळख-सेवेच्या प्रशासन केंद्रातल्या साइन-इन लॉगमध्ये नकाराचं खरं कारण लिहिलेलं असतं. तिथवर पोच असेल तर अंदाज बांधत बसूच नका.

एक्सओऑथ२ ची वाक्यरचना आणि टोकनांचं आयुष्य

हा भाग जीमेल आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनाही लागू. सर्व्हरला पाठवायच्या मजकुरात ‘यूजर’, बरोबरचं चिन्ह (=) आणि पत्ता, मग क्रमांक १ चं न दिसणारं नियंत्रण-चिन्ह, मग ‘ऑथ’, बरोबरचं चिन्ह आणि ‘बेअरर’, एक मोकळी जागा, टोकन, आणि शेवटी तेच नियंत्रण-चिन्ह दोनदा असतं. एक चिन्ह सुटलं तरी नकार. हा मजकूर बेस६४ मध्ये (साध्या अक्षर-अंकांच्या संकेतलिपीत) जातो, पण आयमॅपलिबचं ‘ऑथेंटिकेट’ ते रूपांतर स्वतःच करतं. उदाहरण दुसऱ्या भाषेतून उचललेलं असेल तर मजकूर दोनदा रूपांतरित होतो आणि सर्व्हरला अर्थहीन अक्षरं मिळतात.

नकार देताना सर्व्हर आधी अधिक चिन्हाने सुरू होणारी बेस६४ ओळ धाडू शकतो. ती उलगडली की आत ‘स्टेटस’ आणि हवी असलेली परवानगी लिहिलेली सापडते. तिला रिकाम्या ओळीने उत्तर दिल्यावर मगच शेवटचा ‘नो’ येतो.

ॲक्सेस टोकन अल्पायुषी असतं. गूगलचं साधारण एक तास टिकतं. पहिल्या तासात चालणारी आणि नंतर फसणारी स्क्रिप्ट दिसली की रिफ्रेश करण्याचा भाग तपासा. गूगलच्या ॲपची संमती-स्क्रीन अजून ‘टेस्टिंग’ अवस्थेत असेल तर रिफ्रेश टोकनही ७ दिवसांत मरतं. दर आठवड्याला नेमाने बंद पडणाऱ्या स्क्रिप्टचं कारण बहुधा हेच असतं. ॲप ‘प्रॉडक्शन’मध्ये नेऊन नवी संमती घ्या. सहा महिने न वापरलेलं रिफ्रेश टोकनही गूगल बाद करतं, म्हणून वर्षातून एकदाच, मार्चअखेरीला चालणाऱ्या कामासाठी ते जपून ठेवण्यात अर्थ नाही. सर्व्हिस अकाउंट (माणसाचं नव्हे, प्रोग्रॅमचं खातं) वापरत असाल आणि ‘इनव्हॅलिड ग्रँट’ येत असेल, तर संगणकाचं घड्याळ बरोबर लावा. सहीच्या वेळेत फरक पडला की गूगल ती मानत नाही.

झोहो, याहू आणि स्वतःचा सर्व्हर

झोहोमध्ये खातं कुठल्या डेटा केंद्रात आहे त्यावर सर्व्हरचं नाव ठरतं. भारतातल्या केंद्रातलं खातं डॉट इनवर असतं, आणि त्याच्यासाठी डॉट कॉमचा आयमॅप सर्व्हर वापरला तर पासवर्ड बरोबर असूनही नकार येतो. स्वतःच्या डोमेनच्या संस्थात्मक खात्यांसाठी नाव ‘आयमॅप’ऐवजी ‘आयमॅपप्रो’ने सुरू होतं. आयमॅप सेटिंगमधून चालू करावं लागतं, आणि दुहेरी पडताळणी असेल तर वेगळा ॲप पासवर्ड हवा. याहूलाही ॲप पासवर्डच लागतो.

सर्व्हर स्वतःचा आणि डव्हकॉट या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरचा असेल तर काम सोपं, कारण लॉग हाताशी आहे. ‘डव्हॲडम ऑथ टेस्ट’ या आदेशाने जाळं, टीएलएस, प्रोग्रॅम हे सगळं वगळून फक्त नाव-पासवर्डाची जोडी तपासता येते. ती पास झाली आणि लॉगमध्ये ‘डिसअलाउड प्लेनटेक्स्ट ऑथ’ दिसलं, तर प्रोग्रॅम कवचाशिवाय येतोय. ‘ऑथ फेल्ड’ दिसत असेल तर ‘ऑथ-डीबग’ चालू करून पुन्हा एक प्रयत्न करा. आणि लॉगमध्ये तुमच्या प्रयत्नाची ओळच नसेल, तर तो सर्व्हरपर्यंत आलेला नाही: आयपी अडवलाय किंवा तुम्ही भलत्याच यंत्राशी बोलताय.

कधी होतं, कधी नाही

कधी चालणारा, कधी फसणारा लॉगिन पासवर्डाचा दोष क्वचितच असतो. जोडण्या मोजा. जीमेल एका खात्याला एका वेळी १५ आयमॅप जोडण्या देतं. डव्हकॉटची मूळ मर्यादा एका आयपीवरून एका वापरकर्त्याला १० आहे. चूक आल्यावर ‘लॉगआउट’ न करता बाहेर पडणारी स्क्रिप्ट जुन्या जोडण्या मागे सोडते, त्यात फोन आणि लॅपटॉपच्या जोडण्या मिळवल्या की मर्यादा भरते. लॉगआउट ‘फायनली’त (चूक झाली तरी चालणाऱ्या कोडच्या भागात) घाला, आणि आधीची फेरी संपल्याशिवाय पुढची सुरू होणार नाही अशी कुलूप-फाइल ठेवा.

पुन्हा प्रयत्न कधी करायचा तेही कोडमध्येच ठरवून टाका. जोडणी तुटली किंवा ‘अनअव्हेलेबल’ आलं, तर वाढत्या अंतराने काही वेळा प्रयत्न करा. ‘ऑथेंटिकेशनफेल्ड’ आलं, तर एकही नको. थांबा आणि माणसाला कळवा. तो निरोप त्याच मेलबॉक्सवर पाठवू नका, एसएमएस किंवा दुसऱ्या पत्त्यावर पाठवा, आणि त्यात सर्व्हरचं पूर्ण वाक्य असू द्या.

सगळं सुरू झाल्यावर डीबगचं चल पुन्हा शून्य करा. तपासादरम्यान छापलेले लॉग, शेलचा इतिहास, चॅटवर सहकाऱ्याला पाठवलेले स्क्रीनशॉट यांत पासवर्ड किंवा टोकन उघडं पडलेलं असू शकतं. ते पुसा, तो ॲप पासवर्ड रद्द करून नवा घ्या, त्याची लांबी एकदा तपासा आणि मग क्रॉन पुन्हा चालू करा.